पुण्यात राहून ओव्या, लोककथा गोळा करायच्यात, डिग्री लागते का आणि सुरुवात कुठून करू?

डिग्री अजिबात लागत नाही. दामोदर कोसंबी गणिताचे प्राध्यापक, पण पुण्याच्या आजूबाजूची गावं, टेकड्या पायी फिरून म्हसोबा, बोल्हाई अशा देवतांवर त्यांनी जे लिहून ठेवलंय ते आजही वाचावंच लागतं.

गावात जायच्या आधी भरपूर ऐका. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातूनच काम उभं करून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, २०१७ पासून त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर यायला लागल्या, कितीतरी बायकांच्या आवाजातच आहेत.

आणि मग एकच गोष्ट पक्की धरा, नुसते शब्द उतरवून काम होत नाही. मुळशीकडच्या एक आजी नुसत्या बसून दोन ओव्या म्हणाल्या आणि आता आठवत नाही म्हणाल्या, मग सुनेनं पडवीतलं जातं पुसून दिलं, आजींनी खुंटा धरला, मूठभर तांदूळ घातले आणि हात फिरायला लागला तशी एकामागून एक ओवी यायला लागली, भावाची, माहेरची, मधेच पंढरीची, आणि दाणे घालायला हात थांबला की ओवीपण थांबायची. त्यामुळे काय काम करताना म्हणतात, कोणाकडून शिकल्या, हे सगळं लिहा. माहेर कुठलं ते तर विचाराच, कारण ओवी बाईबरोबर सासरी येते, तुम्ही 'मुळशीची ओवी' लिहाल आणि ती निघेल भोरची.

दुसरं, कोणाचं गाणं दुरुस्त करू नका. पुण्यात सोसायट्यांमधे भोंडला होतो तो बराचसा छापील पुस्तिका बघून, म्हणून सगळीकडे तेच ऐकू येतं, पण तिथल्याच एखाद्या आजींना बाजूला बसवून विचारलं की वेगळीच कडवी निघतात. मला तर ती वेगळी कडवीच जास्त मोलाची वाटतात. कामाला सुरुवातही इथूनच करा, आपल्याच बिल्डिंगमधून.

जेजुरीचं जागरण, धनगरी ओव्या हे थोडा हात बसल्यावर. वाघ्या-मुरळीचं पोट त्यावर असतं, रात्रभर उभं राहून गातात, तेव्हा मानधन द्याच आणि विचारल्याशिवाय यूट्यूबवर काही टाकू नका. रेकॉर्डिंग त्यांच्या घरीपण पोचवा, पेनड्राइव्ह पडून राहतो, मुलाच्या नाहीतर नातीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की घरात सगळे ऐकतात.