जुन्या फोटोचं मूल्यांकन: फी द्यायची कधी?

प्रश्न: आजोबांच्या कागदांत प्लास्टरच्या एका अमूर्त शिल्पाचा जुना कृष्णधवल फोटो सापडला. मागे पुसट शिक्का आहे. एक गृहस्थ किमतीच्या दहा टक्के फी घेऊन मूल्यांकन करून देतो म्हणतात, हवा तर फोटो विकतही घेतील. त्या पैशांतून कर्जाची काही रक्कम मुदतीआधी फेडायची आहे. फी द्यावी का?

उत्तर: या गृहस्थांना देऊ नका. टक्केवारी घेणाऱ्याचा फायदा आकडा फुगवण्यात, विकत घेणाऱ्याचा तो पाडण्यात. मूल्यांकन करणारा खरेदीदार नसावा आणि फी तासावर किंवा ठोक असावी.

त्याआधी बिनखर्चाची कामं उरका. दहापट भिंगातून पाहा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील पान आहे, विषय तिथेच संपला. जाळी नसेल तर अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा चमकला तर तो साधारण 1950च्या दशकाच्या मध्यानंतरचा. चमकला नाही म्हणून जुनाच, असं मात्र नाही. नंतरचे सगळेच कागद चमकत नाहीत. बाजारात ‘व्हिंटेज’ म्हणजे निगेटिव्ह तयार झाल्यापासून साधारण पाचेक वर्षांत काढलेली प्रिंट. त्याच निगेटिव्हची उशिरा काढलेली प्रिंट बहुधा बरीच स्वस्त जाते.

खरी किंमत मागच्या बाजूला असते. शिक्का, पेन्सिलीतले आकडे, जुनी चिठ्ठी यांचे तिरप्या उजेडात फोटो काढा. चित्राचं आणि कागदाचं माप वेगवेगळं, मिलिमीटरमध्ये लिहा. काठावरची चंदेरी झाक पुसू नका, पुठ्ठ्यावरून प्रिंट सोडवू नका, लॅमिनेशन तर नकोच. फोटो कोणी काढला हे आधी शोधा, मग शिल्प कोणाचं ते. शिल्पकार ब्रांकुसी आपल्या शिल्पांचे फोटो स्वतः काढायचा, त्या प्रिंटांना कलाकृतीचा मान आहे. छायाचित्रकार मॅन रे यानं 1930च्या दशकात पॅरिसमध्ये गणिती मॉडेलं, म्हणजे गणितातले आकार दाखवणाऱ्या वस्तू, टिपली. त्यांतली प्लास्टरची तर चक्क अमूर्त शिल्पं वाटतात! तेव्हा तुमच्या फोटोतली वस्तू शिल्पच आहे, हेही गृहीत धरू नका. प्लास्टर ठिसूळ. मूळ शिल्प फुटून गेलं असेल तर फोटो हाच त्याचा पुरावा उरतो आणि संग्रहालयांना त्यात रस वाटू शकतो. पण अनामिक छायाचित्रकार आणि अनोळखी शिल्प असेल, तर तेवढ्यानं भाव चढेल असं धरू नका.

हे सगळं जमवून फोटोग्राफीचा स्वतंत्र विभाग असलेल्या दोन लिलावगृहांना पाठवा. विक्रीचा प्राथमिक अंदाज ती बहुधा फुकट देतात. दोन्ही अंदाज किरकोळ आले तर लेखी अहवालावर खर्च करू नका. विमा, वाटणी किंवा देणगीसाठी कागद लागत असेल तरच तो करून घ्या, आणि कशासाठी हवा ते आधी सांगा: विम्याचं बदली मूल्य, म्हणजे तशीच दुसरी वस्तू घ्यायचा खर्च, बाजारमूल्यापेक्षा सहसा जास्त असतं. तो आकडा विक्रीची किंमत समजून बसलात तर हिशेब चुकेल.

कर्जफेड या फोटोवर अवलंबून ठेवू नका. लिलावाला दिल्यापासून पैसे हाती पडेपर्यंत काही महिने जातात, आणि फोटो न विकताही परत येऊ शकतो. जाहीर होणाऱ्या निकालांत बहुतेकदा खरेदीदाराकडचा अधिभार, म्हणजे लिलावगृह त्याच्याकडून बोलीवर जादा घेतं ती रक्कम, धरलेला असतो. तुमच्या हाती हातोड्याची किंमत, म्हणजे शेवटच्या बोलीची रक्कम येते, तीही विक्री कमिशन, विमा आणि कॅटलॉगचा खर्च वजा होऊन. कराराआधी हे तिन्ही आकडे लेखी मागा. फोटो विकला गेला नाही तर काय भरावं लागेल, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.