बॉल लागल्यापासून पोरगं बॅटच फिरवेना झालंय

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा आठवीत आहे, क्रिकेट बरं खेळतो म्हणून शाळेतल्या पीटी सरांनी बेसबॉलच्या टीममध्ये घेतला. मागं एका मॅचमध्ये बॉल बरगडीला लागला, डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, पण तेव्हापासून बॉल यायच्या आधीच पाय मागं काढतो नाहीतर नुसता उभा राहून तीन स्ट्राइक (मारता येण्यासारखे बॉल) बघून आउट होऊन परत येतो. घरासमोर टेनिस बॉल मात्र धडाधड मारतो. मी बाहेरनं ओरडून सांगालोय, भिऊ नको मार की, पण काय उपयोग नाही. बेसबॉल सोडवू काय?

उत्तर : दादा, सोडवायचं नंतर बघू, आधी तुमचं ओरडणं बंद करा. टेनिस बॉल मारतोय म्हणजे हात आणि नजर दोन्ही जाग्यावर आहेत, बरगडीला मात्र तो मार आठवतोय, आणि तुम्ही 'भिऊ नको' म्हटलं की त्याला परत भीतीच आठवते. शिवाय क्रिकेटमधल्या पोराला हा खेळ मुळात अंगावर आल्यासारखाच वाटतो. क्रिकेटमध्ये टप्पा न पडता कमरेच्या वर आला तर नो बॉल देतात, इथं प्रत्येक बॉल बिनटप्प्याचाच येतो, पायाला पॅड नाही, आणि मोठ्यांच्या खेळात पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, 18.44 मीटरवर, म्हणजे क्रिकेटच्या 20.12 मीटरच्या पिचपेक्षा जवळच. भ्यायला कारण आहे की हो!

म्हणून त्याला आधी बॉल अंगावर कसा घ्यायचा ते शिकवा, हे कोण शिकवतच नाही बघा. टेनिस बॉल घ्या, हळू आणि मुद्दाम अंगावर टाका, त्यानं पुढचा खांदा मागं कॅचरकडं (मागं बॉल पकडणाऱ्याकडं) वळवायचा, हनुवटी छातीला, बॅट खाली, म्हणजे बॉल पाठीवर जातो आणि तोंड, बरगडी वाचते. पोरं हसत हसत करतात हे. चुकवायचा प्रयत्न करूनही बॉल लागला तर बॅटरला फर्स्ट बेस, म्हणजे पळून गाठायची पहिली जागा, फुकटात मिळते, तेही सांगून ठेवा.

मग सरांना सांगून दोन्ही कान झाकणारं हेल्मेट घालून त्याला खऱ्या पिचरसमोर उभा करा, पण बॅट खांद्यावरच, फिरवायचीच नाही, नुसतं बॉल हातातनं सुटल्यापासून ग्लोव्हपर्यंत बघायचं आणि 'आत', 'बाहेर' असं मोठ्यानं सांगायचं. बोलण्यात डोकं गुंतलं की पाय आपोआप थांबतो. फिरवायला लावताना परत टेनिस बॉल, मग मऊ रबरी बॉल, शेवटी खरा. सर घाई करतील, स्पर्धा जवळ आली म्हणतील, तुम्ही ऐकू नका.

आणि आउट झाला म्हणून घरी येताना गाडीवर लेक्चर नको. 1941 साली अमेरिकेत टेड विल्यम्स या बेसबॉल खेळाडूनं .406 ॲव्हरेज काढलं (बेसबॉलमध्ये हजारातले किती वेळा हिट मारला ते), म्हणजे दहातले सहा वेळा तोही फसलाच, तरी त्यानंतर तिथल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये आजपर्यंत सीझनभर .400 च्या वर कोण गेलेला नाही.

एवढं करूनही महिना-दोन महिन्यांनी पोरगं स्वतःच म्हणालं की पप्पा मला क्रिकेटच बरं, तर जाऊ दे की. पण ते त्यानं म्हणावं, तुम्ही नाही.