कंपाउंडवाल्यांना रिकर्व्हवाले खरंच कमी लेखतात का?

हो, लेखतात. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते; कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं असलेलं. सगळे नाही, पण लेखतात, आणि तोंडावर बोलूनही दाखवतात. तुमचा मुलगा १२ वर्षांचा, त्याला कंपाउंड धनुष्यच हवंय, आणि मैदानावर त्याला कोणी ‘खरा तिरंदाज’ मानणार नाही अशी तुम्हाला धास्ती वाटते. प्रश्न वाचला आणि गप्प बसवेना. ‘मशीन चालवणारा’ हे मी स्वतः ऐकून घेतलंय, तेही ज्याच्या तोंडून ऐकायची कधी कल्पना केली नव्हती त्याच्याकडून.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. नऊ वर्षं रिकर्व्हवर काढली. शेवटी शेवटी ३८ पौंडांचं ओढत होतो आणि त्याचा अभिमानही होता. मग उजवा खांदा गेला. हात वर करून शर्ट घालता येईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एवढं वजन ताणून धरायचं आता विसरा. आठ महिने मैदानाकडे फिरकलो नाही. कोणीतरी सुचवलं म्हणून एक वापरलेलं कंपाउंड घेतलं, माझ्या हाताच्या मापाला लावून घेतलं आणि पुन्हा उभा राहिलो. पहिला बाण सुटला तेव्हा डोळे भरून आले होते.

त्याच वर्षीचा दसरा. आमच्या मैदानावर शस्त्रपूजा असते. जांभ्या दगडाच्या कट्ट्यावर चादर घालून धनुष्यं ओळीने मांडायची, वर रोजांच्या माळा. झेंडूला आमच्याकडे रोजां म्हणतात. सगळ्यात पुढे एक जुनं बांबूचं, मग रिकर्व्ह. मी माझं धनुष्य त्या रांगेच्या टोकाला ठेवायला वाकलो आणि मागून आवाज आला, “गाड्यांची पुजा भायर आसा, तें थंय दवर.” म्हणजे, गाड्यांची पूजा बाहेर आहे, ते तिथे ठेव.

बोलणारा माझा दादा. सख्खा नव्हे, पण मैदानावर मला हाताला धरून आणणारा तोच. दोरी कशी चढवायची, हनुवटीखाली हात कुठे टेकवायचा, सगळं त्याने शिकवलेलं. बाहेर रस्त्यावर खरंच दोन स्कूटर आणि एक टेंपो माळा घालून उभे होते. एक-दोघे हसले. मी धनुष्य उचललं, केसमध्ये घातलं आणि आपट्याची पानं न घेताच घरी आलो. आईने विचारलं, सोनं कुठे रे? म्हटलं, संपलं.

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आज देतो.

कंपाउंडच्या दोन टोकांना चाकं असतात. पूर्ण ओढलं की ती फिरून वजन उतरतं. माझं ५० पौंडांचं आहे, पण ओढून धरल्यावर हातावर साडेबाराच पौंड राहतात. शिवाय दोरीत बघायला भोक, नेम धरायच्या साइटला भिंग, आणि दोरी सोडायला बोटांऐवजी रिलीज नावाची कळ. दादा म्हणतो, मग राहिलं काय? राहिलं ते सांगतो. त्या भिंगात लक्ष्य मोठं दिसतं तसा आपला हातही मोठा हलताना दिसतो. भिंगातला ठिपका लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर भिरभिरत राहतो. तो दहा गुणांच्या वर्तुळावर आला रे आला की अंगठ्याला घाई होते आणि बाण आपल्याआधी सुटतो. मला हे जडलं तेव्हा चार महिने मी पाच पावलांवर कोऱ्या बोर्डासमोर उभा राहून, डोळे मिटून बाण सोडत होतो. कागद नाही, गुण नाहीत, नुसतं सोडणं. खांद्याचं दुखणं यापेक्षा सोपं होतं.

आता हिशेब. रिकर्व्हचं अंतर ७० मीटर, आणि दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. कंपाउंडचं अंतर ५० मीटर, म्हणून जवळ वाटतं, पण दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. ते ७० मीटरवर नेऊन मोजलं तर ११.२ भरतं, म्हणजे रिकर्व्हच्या दहापेक्षा थोडं लहानच. बाद फेरीत रिकर्व्हचे सेट असतात, म्हणजे तीन-तीन बाणांचे डाव. एका सेटमध्ये वाईट बाण गेला तर तो सेट जातो, पुढचा कोऱ्या पाटीवर सुरू होतो. कंपाउंडला पंधरा बाणांची बेरीज. पहिल्या बाणाला गेलेला आठ शेवटच्या बाणापर्यंत मानगुटीवर बसून असतो. २०२३ च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारले, आणि समोरच्याचे होते १४९. एक नऊ गेला असता तर बरोबरी. त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. या दोघांना मशीनने जिंकवलं असं ज्याला वाटतं त्याने ते मशीन एकदा पंधरा बाण चालवून बघावं.

दादाचा हुकमी एक्का ऑलिम्पिकचा होता. तुझं आहे का तिथे? इतकी वर्षं नव्हतं, हे खरं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय, म्हणजे तो एक्काही गेला. पण खरं सांगू, येत नसती तरी माझं म्हणणं बदललं नसतं. बांबूचं धनुष्य ऑलिम्पिकमध्ये नाही, म्हणून ते काय खेळणं आहे?

हे ‘खेळणं’ मीच म्हणालो होतो. ते सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही.

रिकर्व्हची दोन-तीनच वर्षं झाली होती. एका स्पर्धेला सत्तरी तालुक्यातली काही मुलं इंडियन राउंडला, म्हणजे बांबूच्या धनुष्यांच्या गटात, आली होती. बांबूचं धनुष्य, साइट नाही, काही नाही. मी मित्राला म्हणालो, ही खेळणी घेऊन कुठे आलेत. हळू बोललो नव्हतो. त्यांच्यातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या एकाने ऐकलं असणार, कारण त्याने मान खाली घातली. नंतर ३० मीटरवर त्याचे बाण मी बघितले. माझ्या तळहाताखाली झाकतील एवढ्या जागेत.

दुपारी सराव होता. शिट्टीनंतर सगळे बाण काढायला गेलो. माझे तेव्हा अॅल्युमिनियमचे बाण होते, नवे, आणि मी घाईत एक तिरका ओढत होतो. तो मुलगा शेजारच्या बोर्डावरून आला. डावा तळहात कागदावर सपाट दाबला, उजव्या हाताने बाण अगदी बोर्डालगत धरला, किंचित पिळला आणि सरळ मागे घेतला. तिन्ही बाण तसेच काढले, टोकांना लागलेला भुसा शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिले. म्हणाला, असा ओढला तर वाकडा होईल. मी आभारसुद्धा मानले नाहीत. नंतर बोलता बोलता कळलं की पावसाळ्यात ते धनुष्य तो दोरी उतरवून चुलीच्या वर टांगतो, नाहीतर बांबू ओल धरतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना बुरशी चढते, तिथे एक बांबू सरळ ठेवायला काय लागत असेल ते बघा. आपला तिरंदाज लिंबाराम १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिम्पिकना गेला, तोही बांबूच्या धनुष्यावरून वर आलेला.

तर उतरंड अशी आहे. मी बांबूला हसलो, दादा मला हसला. आणि दादाच्या धनुष्यावर काय होतं? साइट, तोल धरणारे दोन दांडे म्हणजे स्टॅबिलायझर, कार्बनच्या लिंब्स म्हणजे वाकणाऱ्या पात्या, आणि क्लिकर. क्लिकर म्हणजे पत्र्याची बारीक पट्टी. बाणाचं टोक तिच्या मागे सरकलं की ती ‘टक्’ करते, मग सोडायचा. शेवटचे एक-दोन मिलिमीटर काढताना पाठीतून जो जोर लागतो तो मला माहीत आहे, ते कष्ट मी कमी लेखणार नाही. पण टक् आवाज करून कधी सोडायचं ते सांगणारी पट्टी मशीन नाही आणि माझं चाक मशीन, ही रेघ कोणी ओढली? सत्तरीच्या त्या मुलाने ओढली असती तर आम्ही दोघेही तिच्या पलीकडे पडलो असतो. दादा, हे तुला तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आता तुमच्या मुलाचं. १२ व्या वर्षी कंपाउंड घेऊन देण्याची मी घाई करणार नाही. त्यात ओढण्याची लांबी त्या माणसाच्या मापाला बांधलेली असते, आणि या वयात हात वर्षभरात वाढतो. माप बदलता येतं, पण पुन्हा पुन्हा खर्च. क्लबचं हलकं रिकर्व्ह, १६ ते २० पौंडांचं, सहा-आठ महिने वापरू द्या. त्यानंतरही कंपाउंडच हवं असेल तर बिनदिक्कत घ्या. स्पर्धेचं पूर्ण साहित्य लाखाच्या पुढे जातं, कुठलंही घेतलं तरी.

रिकर्व्हवाल्यांच्या सगळ्या तक्रारी खोट्या आहेत असंही नाही. कंपाउंडचा बाण वेगाने येतो, खोल रुततो आणि बोर्ड लवकर फाडतो. क्लब लहान असेल तर ते नुकसान सगळ्यांच्या वर्गणीतून जातं. मुलाला सांगा, मधोमध फाटलेला बोर्ड पालटायला पहिला हात त्याने लावायचा. बाण नसताना दोरी ओढून सोडायची नाही, कंपाउंड जागेवर मोडतं आणि शेजाऱ्यालाही लागतं. शेजारचा ओढून उभा असेल तेव्हा रेषेवर हलायचं नाही, बोलायचं नाही. विचारल्याशिवाय कोणाच्या धनुष्याला हात लावायचा नाही, बांबूच्यासुद्धा. आणि बाण कसा काढायचा ते मी वर लिहिलंय, ते त्याला दाखवा. मला ते नऊ वर्षांत दादाने नाही, त्या मुलाने शिकवलं.

मी खांद्यामुळे कंपाउंडवर आलो, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार, तेवढं धरून वाचा. दादा वाईट माणूस नाही. अजून मैदानावर येतो, नवीन मुलांना फुकट शिकवतो, रिकर्व्हचा त्याच्याइतका चांगला हात आमच्या भागात मी बघितलेला नाही. त्या दसऱ्यानंतर आम्ही कामापुरतं बोलतो. शस्त्रपूजेला मी गेलो नाही, आज सहा वर्षं झाली. यंदा जाणार आहे. माळ घरूनच नेईन, आणि धनुष्य रांगेत ठेवीन, बांबूच्या शेजारी.