एक्स 230 वर कोअरबूट घालताना: आधी नीट वाचा, मग लिहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या थिंकपॅड एक्स 230 मध्ये तुम्ही एथरॉसचे वायफाय कार्ड बसवले, तेव्हा लॅपटॉप सुरू होताच पडद्यावर 1802 क्रमांकाचा संदेश आला आणि यंत्र तिथेच थांबले. म्हणून मूळ बायोस (लॅपटॉप सुरू होताच सर्वांत आधी चालणारा, चिपवर लिहिलेला प्रोग्राम, म्हणजेच फर्मवेअर) काढून त्याच्या जागी कोअरबूट किंवा लिब्रेबूट हे मुक्त स्रोत फर्मवेअर घालावे असे तुमच्या मनात आहे, पण दुकानदाराने मदरबोर्ड जाईल अशी भीती घातली आहे. हे जमले तर कार्यालयाने दिलेल्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपवरही तोच प्रयोग करता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे: तो नाद सोडा. ते यंत्र तुमच्या मालकीचे नाही, हे एक कारण पुरेसे आहे. तांत्रिक कारण असे की इंटेलने 2013 च्या हॅसवेल पिढीपासून बूट गार्ड नावाची सोय आणली. तिच्यात लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या किल्लीची खूण चिपसेटमध्ये कायमची कोरून टाकू शकते, आणि फर्मवेअरचा पहिला तुकडा त्या किल्लीने सही केलेला नसेल तर प्रोसेसर पुढे जातच नाही. व्यावसायिक वापरासाठी विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपांत ही सोय बहुधा चालू असते. आठव्या पिढीच्या थिंकपॅड टी 480 वर लिब्रेबूट चालते ते इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनातील (ते काय, हे पुढे सांगतो) एका जुन्या, जाहीर झालेल्या त्रुटीचा उपयोग करून. तो अपवाद आहे, आणि अपवादाच्या भरवशावर लॅपटॉप विकत घेऊ नये.

एक्स 230 ची गोष्ट मात्र वेगळी आहे. 2012 च्या या यंत्रात बूट गार्ड नाही, आणि त्याच्या आयव्ही ब्रिज पिढीसाठी मेमरी सुरू करण्याचे व पडदा उजळवण्याचे काम कोअरबूटच्या विकासकांनी स्वतः लिहिलेला मुक्त स्रोत कोड करतो. ही फार मोठी गोष्ट आहे, कारण मेमरीची जुळणी हे फर्मवेअरमधले सर्वांत किचकट काम असते आणि नव्या पिढ्यांत कोअरबूटलाही तिथे इंटेलने दिलेला बंदिस्त तुकडा वापरावा लागतो. कोअरबूटचा आरंभ 1999 साली अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस या नावाने केला आणि 2008 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. लिब्रेबूट ही त्याच कोअरबूटची तयार, तपासलेली आवृत्ती आहे. स्वतः बांधणी करण्याची सवय नसेल तर लिब्रेबूटपासून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही.

तुमची 1802 ची अडचण यातून नक्की सुटेल. मूळ बायोसमध्ये कंपनीने मान्य केलेल्या कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचे कार्ड दिसले की तो यंत्र पुढे जाऊ देत नाही. कोअरबूटमध्ये अशी यादीच नाही. तुम्ही निवडलेले कार्ड लिनक्सच्या एटीएच 9 के ड्रायव्हरवर चालणारे असेल तर त्याला स्वतःचे बंदिस्त फर्मवेअरही लागत नाही, म्हणजे तुमची निवड उत्तम आहे. तोपर्यंत ते कार्ड काढून ठेवा आणि यंत्र जुन्या बायोसवर नीट चालू द्या, कारण अजून एक काम त्या बायोसच्याच मदतीने करायचे आहे.

ते काम बॅटरीचे. कळफलक, पंखा, चार्जिंग यांवर देखरेख करणारा एम्बेडेड कंट्रोलर हा वेगळा घटक असून त्याचे फर्मवेअर वेगळे असते, आणि कोअरबूट घातल्यावरही तो जसाच्या तसा राहतो. एक्स 230 मध्ये बॅटरी मूळ कंपनीची आहे की नाही हे हा कंट्रोलर तपासतो आणि परकी बॅटरी चार्ज करायला नकार देतो. एवढ्या जुन्या यंत्राची चांगली मूळ बॅटरी मुंबईत मिळवणे किती कठीण आहे हे तुम्हाला दुकाने फिरताना कळलेच असेल. कंट्रोलरमध्ये दुरुस्ती करण्याचा मार्ग कंपनीच्या बायोस अद्ययावत करण्याच्या वाटेनेच जातो, त्यामुळे ती करायची असल्यास कोअरबूट घालण्याआधी करावी लागते. नंतर आठवण झाली तर मूळ बायोस परत चढवण्यापासून सारे पुन्हा करावे लागेल.

आता या बदलाने काय जाते आणि काय उरते, याचा हिशेब स्पष्ट असू द्या. मॅनेजमेंट इंजिन हा मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र चालणारा एक छोटा संगणक आहे आणि त्याचे फर्मवेअर बायोसबरोबरच फ्लॅश चिपमध्ये असते. मे 2017 मध्ये इंटेलने जाहीर केलेल्या एका त्रुटीत, या इंजिनावर चालणाऱ्या दूरनियंत्रणाच्या सोयीत संकेतशब्दाच्या जागी रिकामे उत्तर पाठवूनही प्रवेश मिळत होता. तिच्या कक्षेत सहाव्या आवृत्तीपासून पुढची फर्मवेअरे होती आणि एक्स 230 मधील आठवी आवृत्तीही त्यांतच येते. हे इंजिन पूर्ण पुसून टाकले तर या पिढीतील यंत्र सुमारे 30 मिनिटांनी आपोआप बंद पडते. म्हणून निकोला कॉर्ना यांनी लिहिलेले एमई क्लीनर हे साधन त्यातील बहुतेक भाग काढून केवळ सुरुवातीला लागणारे दोन तुकडे ठेवते, आणि 5 मेगाबाइटांच्या जागेतले जेमतेम 100 किलोबाइट उरतात. प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याच्या आतल्या कामाच्या सूचना, हाही बंदिस्तच आहे. तो वगळू नका असा माझा स्पष्ट सल्ला आहे, कारण जुना मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये आधीपासून आहेच आणि नवा नाकारल्याने स्वातंत्र्यात भर न पडता स्पेक्टरसारख्या प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटींवरचा उपाय मात्र हातचा जातो. 2022 पासून लिब्रेबूटनेही हीच भूमिका घेतली आहे. मायक्रोकोडसह कोणताच बंदिस्त तुकडा नको असेल तर 2008 चा एक्स 200 पाहावा. त्याच्यात मॅनेजमेंट इंजिन पूर्ण काढता येते, पण कोअर 2 ड्युओवर आजचा ब्राउझर चालवताना धीर धरावा लागतो.

साधनांविषयी. तुम्ही मागवलेला काळा सीएच 341 ए प्रोग्रामर (चिप बाहेरून वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) अजून चिपला लावला नसेल तर लावू नका. त्याच्या अनेक प्रतींत चिपला वीज 3.3 व्होल्टची मिळते, पण माहितीच्या वाहिन्यांवर 5 व्होल्ट येतात आणि एक्स 230 मधील चिपा 3.3 व्होल्टच्या आहेत. अनेकांचे काम त्यावरही निभावले आहे हे मला ठाऊक आहे, पण त्याच वाहिन्यांना मदरबोर्डवर चिपसेटही जोडलेला असतो, आणि तो गेला तर दुकानदाराचे म्हणणे खरे ठरेल. मल्टिमीटरने मोजून पाहा, किंवा त्याऐवजी रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घ्या. त्याच्या सर्व वाहिन्या 3.3 व्होल्टवर चालतात आणि त्याला प्रोग्रामर बनवणारे सेरप्रॉगचे फर्मवेअर घातले की फ्लॅशरॉम, म्हणजे चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्राम, त्याच्याशी सरळ बोलतो. चिपच्या पायांना पकडणारी आठ पायांची क्लिप मात्र चांगल्या प्रतीची घ्या. स्वस्त क्लिपचे दात दोन-तीन वेळांतच सैल होतात, आणि पुढे सांगणार असलेल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ तिथेच असते.

यंत्र उघडण्यापूर्वी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. खालच्या बाजूचे खुणा केलेले स्क्रू काढले की कळफलक पुढे सरकवून उचलता येतो, त्यानंतर तळहात टेकण्याचा भाग निघतो. त्याची केबल खेचू नका, कनेक्टर सोडवा. आतली घड्याळाची छोटी बॅटरीही सोडवून ठेवा. संरक्षक पट्टीखाली दोन चिपा दिसतील: पडद्याच्या बाजूची 4 मेगाबाइटांची आणि तुमच्या बाजूची 8 मेगाबाइटांची. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय. क्लिपची लाल तार त्या बाजूला आली पाहिजे. चिपवर छापलेला क्रमांक भिंगातून वाचून लिहून घ्या, कारण एकाच कुटुंबातील दोन चिपांसाठी फ्लॅशरॉम कधीकधी तुम्हालाच निवड विचारतो.

यापुढचा भाग मी सावकाश लिहितो आहे, तुम्हीही सावकाश वाचा. या साऱ्या उद्योगात नवे फर्मवेअर लिहिणे हे काही मिनिटांचे काम आहे. खरे काम आहे ते जुने फर्मवेअर बिनचूक वाचून घेण्याचे. तुमच्या चिपमधील मजकूर जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्यात तुमच्या यंत्राच्या नेटवर्क पोर्टचा मॅक पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा वेगळा क्रमांक) आहे, चिपची विभागणी सांगणारा डिस्क्रिप्टर आहे आणि तुमच्या मदरबोर्डशी जुळलेले मॅनेजमेंट इंजिन आहे. ती प्रत खरी असेल तर पुढे काहीही बिघडले तरी परत फिरता येते.

मी स्वतः हे शिकलो ते नुकसान सोसून. माझ्या पहिल्या एक्स 230 वर काम केले तेव्हा भर जुलै महिना होता, हवा इतकी दमट की चिपच्या पायांवर पांढरट थर धरलेला होता, आणि मी तो न पुसताच क्लिप लावली. फ्लॅशरॉमने चिप ओळखली, एकदा वाचली, आणि मी त्या एकाच प्रतीवर विश्वास ठेवून दोन्ही चिपांवर नवे फर्मवेअर लिहिले. पडदा काळाच राहिला. मूळ प्रत परत चढवली तरी काळाच, कारण वाचतानाच ती प्रत जागोजागी चुकली होती. शेवटी एका मित्राच्या तशाच यंत्राची प्रत घेऊन माझे यंत्र उभे केले. काही आठवड्यांनी तो घरी आला आणि दोन्ही लॅपटॉप एकाच स्विचला तारेने जोडले, तर दोघांचेही इंटरनेट आळीपाळीने तुटू लागले. दोन्ही यंत्रांचा मॅक पत्ता आता एकच होता, हे उमगायला पूर्ण संध्याकाळ गेली.

म्हणून पावसाळ्यात काम करत असाल तर चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने पुसून पूर्ण वाळू द्या. मॅक पत्ता लिनक्समधून आधीच पाहून वहीत लिहून ठेवा. प्रत्येक चिप किमान तीन वेळा वाचा, आणि दर वेळी क्लिप काढून पुन्हा लावा. न हलवता तीनदा वाचले तर सदोष जोडणी तीनदा तेच चुकीचे उत्तर देऊ शकते. तिन्ही फायलींची एसएचए 256 बेरीज, म्हणजे मजकुरावरून काढलेली फायलीची खूण, जुळली पाहिजे. तेवढ्यावरही थांबू नका, कारण पूर्ण रिकाम्या फायलीही एकमेकींशी तंतोतंत जुळतात. आधी 8 मेगाबाइटांची आणि तिच्यापुढे 4 मेगाबाइटांची फाइल जोडा. एकूण आकार नेमका 1,25,82,912 बाइट भरला पाहिजे. कोअरबूटसोबत मिळणाऱ्या आयएफडीटूलने ती जोडफाइल उघडा. डिस्क्रिप्टर, नेटवर्क, मॅनेजमेंट इंजिन आणि बायोस असे चार विभाग नीट दिसले आणि नेटवर्क विभागाच्या पहिल्या सहा बाइटांत वहीतला मॅक पत्ता सापडला, तर तुमची प्रत खरी आहे असे मी मानेन. तिच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्यांतील एक याच लॅपटॉपच्या डिस्कवर नसावी.

पुढचे सरळ आहे. पेलोड, म्हणजे कोअरबूटचे काम झाल्यावर चालणारा प्रोग्राम, म्हणून पहिल्या वेळी सीबायोस निवडा. तो जुन्या बायोससारखाच वागतो आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवणे सोपे जाते. बूट विभागासह सारी डिस्क कूटबद्ध करायची असेल तर ग्रब पेलोडकडे नंतर वळता येईल. लिब्रेबूटची तयार फाइल वापरणार असाल तर तिच्यात मॅनेजमेंट इंजिनाचा भाग आणि तुमचा मॅक पत्ता भरण्याची पायरी त्यांच्या साधनाने पूर्ण केल्याशिवाय लिहू नका, कारण उतरवून घेतलेली फाइल जशीच्या तशी अपुरी असते. 12 मेगाबाइटांची अंतिम फाइल पहिले 8 आणि नंतरचे 4 अशी कापून आपापल्या चिपवर लिहा. लिहून झाल्यावर फ्लॅशरॉम स्वतः पडताळणी करतो. ती यशस्वी झाल्याचा संदेश येईपर्यंत क्लिपला हात लावू नका. डिस्क्रिप्टर खुला ठेवलात तर यापुढच्या आवृत्त्या लिनक्समधूनच चढवता येतात आणि यंत्र पुन्हा उघडावे लागत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा नेहमीपेक्षा उशिरा उजळेल, कारण मेमरीचे मोजमाप नव्याने होते. घाबरून बटण दाबून ठेवू नका. एक मिनिट होऊनही काही दिसले नाही तर मेमरीची एकच पट्टी ठेवून पाहा, आणि तरीही न जमल्यास मूळ प्रत परत चढवा. तुमची प्रत खरी असेल तर लॅपटॉप आधीसारखा उठेल, आणि मग चूक कुठे झाली हे शांतपणे शोधता येईल. वायफाय कार्ड मात्र सारे व्यवस्थित चालल्याचे पाहून मगच बसवा, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदललेली असेल. काम सुरू केलेत की दोन्ही चिपांवरचे क्रमांक आणि आयएफडीटूलने दाखवलेले विभाग इथे कळवा; लिहिण्याआधी ते एकदा पाहून देतो.