हार्ट फेल्युअर : डिस्चार्जनंतरचे दिवस

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. हार्ट फेल्युअरमुळे वर्षभरात तीनदा ॲडमिट झाले. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे बरे जातात आणि एका रात्री अचानक धाप लागते. हे टाळता येईल का?

बऱ्याचदा येतं. धाप अचानक लागते, पण पाणी अचानक साचत नाही. हृदयाचं पंपिंग कमी पडलं की मूत्रपिंडांची समजूत होते की शरीरात रक्तच कमी आहे. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. दिवसा पायांत उतरलेलं हे पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं, फुप्फुसांवर भार टाकतं. म्हणून त्रास रात्री होतो. वजनकाट्यावर मात्र ते पाणी कित्येकदा आधीपासून दिसत असतं, फक्त काट्यावर कुणी उभं राहिलेलं नसतं.

रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ते पाणी समजा. चरबी इतक्या झपाट्यानं चढत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. अशा वेळी लघवीची गोळी वाढवायची का आणि किती, हे आधीच लिहून घेतलेलं असलं तर उत्तम. भूक मेलेल्या रुग्णाचं अंग झडत असतं, त्यामुळे पाणी साचूनही काटा जागचा हलत नाही. म्हणून पायांवरची सूज बघा आणि धाप न लागता झोपायला डोक्याखाली किती उशा लागतात तेही बघा. ‘काल दोन उशा लागायच्या, आज तीन लागल्या’ हे एक वाक्य मला लांबलचक रिपोर्टपेक्षा जास्त सांगून जातं.

डिस्चार्ज घेताना दोन गोष्टी मागून घ्या : त्या दिवशीचं वजन आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पहिल्या तपासणीची तारीख. वजन कार्डावर नसलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं आश्चर्यही वाटत नाही. तिन्ही वेळा नेमकं काय बिनसलं होतं, हेही विचारा. चुकलेल्या गोळ्या, ताप, ठोक्यांची अनियमितता, दुखण्यावरचं एखादं औषध, यांपैकी काहीतरी बहुधा सापडतं. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, गुलाबी फेसाळ थुंकी किंवा शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही झालं तर वही बाजूला ठेवा आणि थेट इमर्जन्सी गाठा.

प्रश्न : आईला घरी आणून दहा दिवस झाले. ती बरी आहे, वरचं बीपीही शंभरच्या आसपास आहे. तरी डॉक्टर गोळ्यांचे डोस वाढवतच आहेत. आधी थोडी ताकद येऊ द्यायला नको का?

ताकद येते ती याच गोळ्यांनी. लघवीची गोळी साचलेलं पाणी काढते, पण आयुष्य वाढवण्याचं काम तिचं नाही. ते बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर किंवा त्याच्या जागी येणारी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचं. पंपिंग कमी असेल तर शक्यतो चारही गटांतली औषधं लागतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्राँग-एचएफ’ अभ्यासात डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत डोस पूर्ण प्रमाणापर्यंत नेले गेले, वारंवार तपासत. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के होतं, या पद्धतीत १५.२ टक्के. त्यातलं ‘वारंवार तपासत’ विसरू नका. बीपी, नाडी, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय डोस वाढवायचा नसतो. चक्कर नसेल तर शंभरचं बीपी बहुतेकांना चालतं. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्र लगेच सांगा.

प्रश्न : इको केला. ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) २५ वरून ५० वर आलाय. आता गोळ्या बंद करू?

नको. ‘ट्रेड-एचएफ’ नावाच्या छोट्या अभ्यासात हाच प्रश्न तपासला गेला. हृदय मोठं होऊन अशक्त झालेल्या, पण औषधांनी सुधारलेल्या रुग्णांपैकी २५ जणांची औषधं टप्प्याटप्प्यानं बंद केली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परतला. औषधं चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही परतला नाही. तुमचा ५० हा आकडा गोळ्यांसकट आहे. सूज नसेल तर लघवीच्या गोळीचा डोस पुष्कळदा कमी करता येतो, पण तोही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : मीठ पूर्ण बंद केलंय, पाणीही मोजून पिते. तोंडाला कोरड पडते. आणखी काय कमी करू?

काहीच नाही, उलट थोडं सैल सोडा. सोडियम (मिठातला मुख्य घटक) दिवसाला १५०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवायला सांगूनही मृत्यू किंवा हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत, असं २०२२ च्या ‘सोडियम-एचएफ’ अभ्यासात दिसलं. दिवसभरात पाच ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा मीठ, ही मर्यादा बहुतेकांना पुरते. डबाबंद आणि पाकिटातल्या पदार्थांतलं मीठही त्यातच धरा. आजार स्थिर असलेल्यांना पाण्याच्या कडक मोजमापाचा ठोस फायदा दिसलेला नाही. रक्तातलं सोडियम कमी असेल किंवा अंगावर सूज असेल, तर गोष्ट वेगळी. ‘कमी सोडियम’वाल्या मिठापासून मात्र सांभाळा. त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोनच्या जोडीला ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊन ठोके बिघडवू शकतं.

प्रश्न : गुडघे दुखतात. दुकानातून आणलेली पेनकिलर चालेल?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीची नाही. ती शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात घ्या, पण पाण्यात फसफसणारी गोळी नको. तिच्यात बरंच सोडियम असतं.

प्रश्न : मिस्टर दिवसभर पडून असतात. चालू द्यावं का?

स्थिर असतील तर नक्की, पण आधी डॉक्टरांना एकदा विचारून. सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. चालताना त्यांना तुमच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. सकाळी काट्यावर वजन एकदम वाढलेलं दिसलं, तर त्या दिवशी चालणं नको, आधी फोन.