रडार प्रतिमेतला स्पेकल (दाणेदार गोंगाट) घालवताना नदीचा काठ पुसट होऊ नये म्हणून काय करावं?

ऑगस्ट २०१९ च्या सांगलीच्या पुराच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमेवर तुम्ही सरासरी फिल्टर (प्रत्येक पिक्सेलला शेजारच्या पिक्सेलांची सरासरी देणारा) लावला आणि कृष्णेचा काठ फिसकटला, असं तुम्ही लिहिलंय. विंडो, म्हणजे सरासरी घेण्याचा चौकोन, लहान करून हे सुटणार नाही. पाणी आणि उसाचं शेत एकाच विंडोत आलं की हा फिल्टर दोघांची सरासरी काढणारच.

एका पिक्सेलच्या जागेत ढेकळं, पानं, दगड असं बरंच काही असतं. त्या सगळ्यांकडून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात, हाच स्पेकल. तो मूळ तीव्रतेला गुणला जातो, त्यामुळे उजळ शेतात जास्त आणि काळ्या पाण्यात कमी जाणवतो. म्हणून तीव्रतेचं डेसिबलमध्ये (लॉगरिदमच्या मापात) रूपांतर करण्याआधी फिल्टर लावा. डेसिबलची सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा कमी येते. क्रम असा: कॅलिब्रेशन (कच्च्या आकड्यांचं खऱ्या तीव्रतेत रूपांतर), मग फिल्टर, मग टेरेन करेक्शन (उंचसखलपणाची दुरुस्ती करून प्रतिमा नकाशावर बसवणं), डेसिबल शेवटी. टेरेन करेक्शन आधी केलं तर शेजारच्या पिक्सेलांचा स्पेकल एकमेकांत मिसळतो आणि फिल्टरची गणितं चुकतात.

फिल्टर म्हणून मी रिफाइन्ड ली घेईन. जोंग-सेन ली यांचा १९८० चा मूळ फिल्टर सपाट भागात सरासरी घेतो, पण विंडोतला फरक मोठा दिसला की पिक्सेल जवळपास तसाच सोडतो. त्यामुळे काठ टिकतो, पण काठालगतचा स्पेकलही टिकतो. पुढच्या वर्षीच्या सुधारित रूपात ७×७ ची विंडो काठाच्या दिशेने कापली जाते आणि पिक्सेल ज्या बाजूचा, त्याच अर्ध्या भागातून सरासरी निघते. स्नॅप या उपग्रह प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तयार आहे.

काठ खरंच वाचला का, हे नुसत्या डोळ्यांवर सोडू नका. मूळ प्रतिमेला फिल्टर केलेल्या प्रतिमेने भागा. उत्तरात १ च्या आसपासचा निव्वळ गोंगाट दिसला पाहिजे. त्यात नदीची रेघ किंवा बांध उमटले, तर ते तुमच्या फिल्टरने खाल्ले. ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

उपग्रहाच्या एकाच कक्षेतल्या बऱ्याच तारखांच्या प्रतिमा असतील तर स्नॅपमधला मल्टी-टेम्पोरल (अनेक तारखा एकत्र वापरणारा) फिल्टरही वापरून बघा. बांध, रस्ते, कायमचे काठ त्यात फार सुरेख निघतात. पुराची कड मात्र त्यावरून आखू नका, कारण तिथे कोरड्या तारखांची छाया उतरते. ती कड पुराच्या दिवसाच्या एकट्या प्रतिमेवरूनच काढा.