ख्रिस्ती सेवेत आपल्या कामाची दखल घेतली जावी, असे वाटणे पाप आहे का?

आपण विचारले आहे की, मंडळीत अनेक वर्षे मागे राहून केलेल्या कामाची कोणीतरी दखल घ्यावी असे वाटणे पाप आहे का, आणि ती घेतली जात नसेल तर ते काम सोडून द्यावे का. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. त्या इच्छेत पाप नाही. तिच्यापायी आपण आपली साक्ष, आपले आकडे आणि आपले अहवाल फुगवू लागतो, तेथून पाप सुरू होते. हे मी स्वतः सोसून सांगत आहे.

मी 11 वर्षे आमच्या मंडळीचा सेक्रेटरी होतो. त्यांपैकी शेवटच्या वर्षी आम्ही तीन दिवसांच्या सुवार्ता सभा घेतल्या. ज्यांनी प्रभूचा स्वीकार करण्याचा निर्णय घेतला त्यांच्याकडून रोज रात्री निर्णयपत्रिका भरून घेतल्या जात होत्या, आणि त्या मोजण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्या टेबलावर मांडून दोनदा मोजल्या. एका मुलाने तिन्ही रात्री पत्रिका भरली होती आणि तिसऱ्या वेळी आपले नाव अधिक वळणदार अक्षरात काढले होते. त्याची एकच धरली. एका पत्रिकेवर नाव नव्हते, फक्त खाली पेन्सिलीने ‘माझ्या आईसाठी प्रार्थना करा’ एवढेच लिहिले होते. ती मी पाळकसाहेबांच्या हाती वेगळी दिली. उरल्या 41.

वार्षिक अहवालाच्या मसुद्यात मी 41 हाच आकडा लिहिला. समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ वडिलांनी त्यावर रेघ मारली आणि वरच्या बाजूला ‘शेकडो’ असे लिहिले. सभांना शेकडो लोक आले होते हे खरेच होते, पण ते वाक्य आलेल्यांविषयी नव्हते, निर्णय घेतलेल्यांविषयी होते. मी हरकत घेतली तेव्हा त्यांनी पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राचे भाषण ऐकून बाप्तिस्मा घेतलेले 3,000 जण पुढे केले, आणि मी ऐकत नाही असे दिसताच देवाला न आवडलेली दावीद राजाची शिरगणती काढून, मोजत बसणे हेच मुळी पाप आहे, असेही सांगितले. एकाच बैठकीत मोठा आकडा हवा होता आणि मोजणीही नको होती. मला हे त्या दिवशी पटले नाही आणि आजही पटत नाही. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने 3,000 लिहिताना आधी ‘सुमारे’ लिहिले आहे, माडीवर जमलेल्या 120 जणांच्या बाबतीतही ‘सुमारे’च लिहिले आहे, पण पौलाच्या प्रवासात फुटलेल्या तारवातले लोक सांगताना त्याने नेमके 276 लिहिले. योहानाच्या शेवटच्या अध्यायात तर जाळ्यातले मासेही 153 असे मोजून सांगितले आहेत. ज्याला जेवढे ठाऊक होते तेवढेच त्याने लिहिले.

मी त्या अहवालावर सही केली नाही. तो दुसऱ्याच्या सहीने छापला गेला. वार्षिक सभेत आभार मानताना खुर्च्या लावणाऱ्यांपासून ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावे वाचली गेली, माझे वाचले गेले नाही. 11 वर्षांची इतिवृत्ते माझ्या अक्षरात कपाटात होती, आणि मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. सभा संपल्यावर तेच वडील जिन्यात भेटले आणि म्हणाले, “बंधू, तुम्हाला सत्याची चाड नाही. सत्यवादी म्हणून नाव व्हावे, एवढीच तुमची धडपड आहे.”

हे वाक्य मी 9 वर्षे मनात घेऊन फिरत आहे, आणि आपला प्रश्न वाचून ते पुन्हा वर आले. त्यांना तेव्हा देता न आलेले उत्तर असे: माझा हेतू त्यांनी म्हटले तसा मलिन होता असे क्षणभर धरले, तरीही पत्रिका 41च होत्या. हेतूचा न्याय देव करील. आकडा तपासणे आपल्या हातात होते. पौलानेही यरुशलेमेच्या मदतीचे पैसे नेताना प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करण्याची काळजी घेतली (2 करिंथ 8), म्हणून ‘देवाला ठाऊक आहे’ एवढ्यावर हिशेब मिटत नाही.

हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट बहुधा दानाविषयी सांगितली जाते, पण ती खरी मानाविषयी आहे. तिच्या लगेच आधी बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले होते, आणि ‘बोधपुत्र’ हे नाव त्याला प्रेषितांनीच दिले होते. हनन्या आणि त्याची बायको सप्पीरा यांनाही तसाच मान हवा होता, पण त्याची पूर्ण किंमत द्यायची नव्हती, म्हणून जमिनीच्या पैशांतले काही मागे ठेवून उरलेले त्यांनी सगळेच म्हणून दिले. जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते, असे पेत्राने हनन्याला सांगितले. म्हणजे थोडेच दिले असते आणि तेवढेच सांगितले असते तर काहीही बिघडले नसते. आमच्या अहवालातले ‘शेकडो’ मला याच जातीचे वाटते. डोंगरावरील प्रवचनात दिखाऊ दान करणाऱ्यांना प्रतिफळ भरून मिळाले आहे असे प्रभू म्हणतो, तेथील मूळ ग्रीक शब्द त्या काळच्या पावत्यांवर ‘रक्कम पूर्ण मिळाली’ या अर्थाने लिहीत असत. पावती झाली, आता येणे काही उरले नाही.

दखल घेणे हे मंडळीचे कर्तव्य आहे, असेही माझे ठाम मत आहे. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात पौलाने दोन डझनांहून अधिक जणांची नावे घेतली, कोणी श्रम केले आणि कोणी त्याच्यासाठी स्वतःची मान धोक्यात घातली तेही लिहिले. पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियालाही त्यात स्वतःचा सलाम लिहायला जागा मिळाली. सेक्रेटरी म्हणून ते एक वचन मला फार जवळचे आहे. ‘सेवकाला नावाची अपेक्षा नसावी’ असा उपदेश मी ज्यांच्याकडून ऐकला, त्यांची नावे प्रत्येक पत्रिकेवर आधीच छापलेली असत.

तरीही एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. त्या सभेत मला जे झोंबले ते चुकीचा आकडा वाचला गेल्यामुळे नव्हते, माझे नाव न वाचल्यामुळे होते. शिवाय पुढची काही वर्षे ही हकिकत मी इतक्या जणांना सांगितली की, योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या, अग्रमानाची आवड असलेल्या दियत्रफेसाविषयी वाचताना मला अस्वस्थ वाटू लागले. प्राचीन मंडळीचे बिशप ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या 10व्या भागात हीच अडचण मांडली आहे: धन सोडून पाहता येते, पण स्तुतीवाचून आपण राहू शकतो का हे तपासण्यासाठी मुद्दाम वाईट जगून पाहता येत नाही. म्हणून हेतू पूर्ण शुद्ध होईपर्यंत थांबू नका. काम खरे ठेवा.

काम सोडावे की नाही, याचे उत्तर आपल्या मंडळीची परिस्थिती ठाऊक नसताना मी देऊ शकत नाही. केवळ नाव घेतले जात नाही म्हणून सोडू नये, पण खोट्यावर सही करावी लागत असेल तर त्याच दिवशी सोडावे, असे मला वाटते. मी पद सोडले. सोडण्यापूर्वी पाळकसाहेबांना विचारून त्या 41 जणांच्या नावांची आणि पत्त्यांची नक्कल करून घेतली, कारण ‘शेकडो’ लोकांच्या घरी कोणी भेटीला जाऊ शकत नाही. पुढची दोन वर्षे शनिवारी दुपारी मी एकेका घरी जात राहिलो. तो वळणदार अक्षराचा मुलगा पहिल्या भेटीत दारातच म्हणाला, “काका, मी तीनदा लिहिलं होतं, तुम्हाला मिळालं ना?” या भेटींविषयी मी आज प्रथमच लिहीत आहे.